सराफ्यातील दोन लिप्या

अक्कडी भाषेची कीलकलिपी शिकू पाहणाऱ्यास पहिल्याच दिवशी एक अडचण भेटते. तेथे एका चिन्हाला एकच मोल नसते. ‘अन्’ हे चिन्ह कोठे नुसता उच्चार दाखविते, कोठे ‘इलु’ म्हणजे देव, कोठे आकाश; आणि देवाच्या नावाआधी आले तर ते मुळी उच्चारायचेच नसते. उभा खिळा एक ही संख्या दाखवितो आणि साठही. मोल ठरते ते शेजारावरून.

ग्वाल्हेरच्या सराफ्याला ही तऱ्हा परकी वाटू नये. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली, तिचेच लष्कर शहर झाले. दरबारचा मराठी पत्रव्यवहार मोडीत चाले. उत्तरेकडील सावकारांच्या वह्या महाजनीत, म्हणजे मुडियात. महाजनीत काना-मात्रा बहुधा गाळीत. ‘काका अजमेर गए’ हे पत्र घरच्यांनी ‘काका आज मर गए’ असे वाचले आणि रडारड झाली, ही गोष्ट उत्तरेत अजून सांगतात. ती खरी असो वा नसो, हुंडी वाचणाऱ्याला डोळ्यांत तेल का घालावे लागे, हे तीवरून कळते.

मोडी त्यामानाने दयाळू. स्वरचिन्हे आहेत; ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मात्र सहसा नाही, ‘दिन’ आणि ‘दीन’ एकच. लेखक आधी ओळभर रेघ ओढून घेई, मग बोरू फारसा न उचलता अक्षरे तिला लटकवी. शब्द तोडलेले नाहीत. सुटी अक्षरे घोकून येथे भागत नाही. स्वर जडताच अक्षराचा चेहरा पालटतो, म्हणून बाराखडी हाताने गिरवावी लागते. खरी गंमत दोन उभ्या दंडांची. आकड्यापुढे आले तर अर्धा: ४॥ म्हणजे साडेचार. अक्षरापुढे आले तर शब्द आखडलेला: ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. खिळ्याचीच जात!

महादजींची कागदपत्रे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३७ मध्ये छापली गेली; त्यांची चिंता नाही. चिंता आहे ती माळ्यावरच्या रुमालांची. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडात जागा मिळाली, तरी नातवाला देवनागरीच येते. फिटलेल्या कर्जाची पावती आणि आजीचे माहेरचे पत्र त्याला सारखेच दिसते, आणि रद्दीवाला दोन्ही एकाच तराजूत घालतो. अशाने आरंभ मायन्यापासून करावा. ‘विज्ञापना’, ‘बहुत काय लिहिणे’ हे ठराविक शब्द पानोपानी येतात. ते एकदा ओळखू आले की निम्मी बाराखडी हाती लागते.