प्रमाणपत्रावरची मुदत बघा
(महासंघाच्या मासिक सभेतील मनोगत)

तायांनो, माझा मुलगा चोवीस वर्षांचा. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. तिसऱ्यांदा तपासणीला नेलं. नाव विचारलं, त्यानं नीट सांगितलं. "चांगला बोलतो की!" म्हणाले. पण अंघोळीला, एसटीत चढायला रोज माणूस लागतं, ते दोन मिनिटांत कसं दिसणार? आता मी रोजची मदत वहीत लिहून नेते.

स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. दिव्यांगत्व बदलण्याची शक्यता नसेल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे कायमचं प्रमाणपत्र मिळतं. ते मागा.

तुमच्या गटात असं लेकरू असेल तर प्रमाणपत्रावरची मुदत आजच बघा. ती संपली की अनुदान अडू शकतं. आणि त्या आईला एकटीला पाठवू नका, सोबत जा.