नाटकाला जवाब

(अलोरे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



नाटक शिकवून झाले की त्यावर विद्यार्थ्याने काय लिहावे, एवढाच आजचा विषय आहे. आजवरची रीत ठरलेली आहे. ‘अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा’, ‘नाटकातून कोणता बोध मिळतो ते लिहा’. उत्तर मार्गदर्शकात छापलेले असते आणि तेच चाळीस वह्यांत चाळीस वेळा उतरते. त्यातून शिक्षकाला मूल कळत नाही आणि मुलाला नाटक कळत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, विद्यार्थ्यापुढे दोन वाटा ठेवाव्यात. एक निबंधाची, दुसरी पत्र, रोजनिशी, बातमी किंवा नवा प्रवेश लिहिण्याची. वाट त्याने निवडावी. हिशेब मात्र दोन्ही वाटांवर सारखाच द्यावा.

उदाहरणादाखल गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ घेऊ. हे नाटक 1899 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी शारदा हिला भुजंगनाथ या धनाढ्य म्हाताऱ्याला द्यावयास निघतो. कोदंड नावाचा तरुण या लग्नाला विरोध करतो. अखेर लग्न मोडते. पण ते कशामुळे मोडते? वधूवर एकाच गोत्राचे आहेत हे उघड झाल्यामुळे! मुलीला नवरा नको आहे, एवढे कारण त्या मांडवात पुरेसे ठरत नाही.

येथेच दोन्ही वाटा फुटतात. निबंध लिहिणाऱ्याने विचार करावा: गोत्राची अडचण निघाली नसती तर शारदेचे काय झाले असते? देवलांनी असा शेवट करून समाजाला सोडून दिले, की समाजाचेच व्यंग दाखविले? दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याने लग्नाच्या आदल्या रात्रीचे शारदेचे पत्र लिहावे, किंवा त्या म्हाताऱ्याची थट्टा करणाऱ्या तिच्या एखाद्या मैत्रिणीची रोजनिशी लिहावी. प्रश्न एकच आहे. विचारण्याची तऱ्हा निराळी.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणत. पुष्कळांना वाटते की हे नाव नाटकावरून पडले. तसे नाही. तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला गेला. त्यात मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 आणि मुलाचे 18 ठरले. 1978 च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे 18 आणि 21 झाले. निबंध लिहिणाऱ्याला असा तपशील मिळवावा लागतो, तपासावा लागतो. पत्र लिहिणाऱ्यालाही त्या काळाची माहिती लागतेच. 1899 मधली शारदा पोलीस ठाण्यात तक्रार नेऊ शकत नाही, हे त्याने विसरून चालणार नाही.

पालकांची शंका मला ठाऊक आहे. ‘गोष्टी नि पत्रे लिहून गुण कसे मिळणार?’ पालकहो, 2018 साली आलेल्या दहावीच्या मराठी अभ्यासक्रमातच प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांना जागा दिलेली आहे, ‘स्वमत’ही विचारलेले आहे. पाठ केलेल्या उत्तराने स्वमत लिहिता येत नाही. ते तयार व्हायला सराव लागतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले घरी कोकणी बोली बोलतात, उर्दू शिकतात, शाळेत प्रमाण मराठी लिहितात. कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने अलोऱ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील कुटुंबे आली, त्यांच्याबरोबर त्यांच्या बोलीही आल्या. निबंधात मुलाने प्रमाण भाषा शिकावीच. पण नवा प्रवेश लिहिताना आजीच्या तोंडी आजीची बोली घालण्याची त्याला मुभा असावी. जे मूल निबंधात दोन ओळींवर अडते, ते संवादात दोन पाने बोलून जाते. त्याला सांगण्यासारखे काही आहे, हे तेव्हा आपल्याला कळते.

मात्र ही वाट सोपी समजू नये. आपल्या जाखडीत शक्तिवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. ज्याने सवाल नीट ऐकला नाही, त्याचा जवाब लोक ऐकून घेत नाहीत. नाटकाचेही तसेच आहे. इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ (1879) मध्ये नोरा नवरा आणि मुले सोडून घराबाहेर पडते. 1880 मध्ये जर्मनीतील एका नटीने असा शेवट करावयास नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच निराळा शेवट लिहून दिला. पण तो त्याला मुळीच रुचला नाही. शेवट बदलला की अर्थ बदलतो. म्हणून ज्या विद्यार्थ्याला शेवट बदलावयाचा असेल, त्याने खाली दहा ओळी लिहाव्यात: मी हे असे का केले, आणि मूळ नाटकातील कोणत्या प्रवेशाचा त्याला आधार आहे. दहा गुणांपैकी चार गुण या आधाराला द्यावेत, तीन विचाराला, तीन भाषेला. निबंधालाही हेच माप लावावे.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. कोकणात हिंदूंचे घर असो वा मुसलमानांचे, आखातात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाचे चांगले स्थळ आले की मुलीच्या शिक्षणाचा विषय मागे पडू लागतो. नववी-दहावीतील मुलगी त्याबद्दल घरात बोलत नाही. तिला कोणी विचारतही नाही. शारदेचे पत्र लिहिताना ती कदाचित प्रथमच हे शब्द कागदावर मांडील. ते पत्र शारदेचेच असेल आणि तिला आडोसाही मिळेल. शिक्षकांनी त्याची चौकशी करीत बसू नये, वर्गात नाव घेऊन वाचू नये. पालकांनी मात्र मुलीची वही हाती आली तर गुणांच्या आकड्याआधी ते पत्र वाचावे.

विद्यार्थी मित्रांनो, निबंध निवडा किंवा पत्र निवडा. नाटकाने टाकलेला सवाल आधी पुरता ऐका, आणि मग जवाब स्वतःचाच द्या.