नाण्यावरील चेहरा

बाजारांत नाणें हातीं आलें कीं सामान्य मनुष्य त्याची किंमत पाहतो आणि तें खिशांत टाकतो. मागील बाजूस कोणाची आकृति आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तथापि तेथें कोणाचा चेहरा असावा, या प्रश्नावरून जगांत मोठमोठे वाद झाले आहेत. कारण नाणें ही राज्यसत्तेची सही होय.

रोममध्यें पूर्वीं देवतांचीं आणि दिवंगत पूर्वजांचीं मुखें नाण्यांवर असत. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें ज्यूलियस सीझरचा चेहरा त्याच्या हयातींतच नाण्यावर आला, आणि हा राजा होऊं पाहतो, या संशयास बळकटी मिळाली. त्याच वर्षीं त्याचा वध झाला. परंतु आश्चर्य असें, कीं वध करणाऱ्या ब्रूटसनेंहि पुढें लवकरच स्वतःचा चेहरा नाण्यावर उमटविला! अमेरिकेनें यापासून धडा घेतला असें म्हणतां येईल. तेथें १७९२ मध्यें टांकसाळीचा कायदा होत असतां, राष्ट्राध्यक्षाचें चित्र नाण्यावर घालण्याची सूचना राजेशाहीची खूण म्हणून फेटाळली गेली, आणि ती जागा स्वातंत्र्यदेवतेस मिळाली. लिंकनचा चेहरा सेंटवर आला तो १९०९ सालीं, म्हणजे त्याच्या जन्मशताब्दीस.

आपल्याकडे शिवछत्रपतींच्या शिवराईवर चेहरा नाहीं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीस ‘छत्रपति’ एवढींच अक्षरें! राजाच्या मुखाची प्रथा दृढ झाली ती कंपनी सरकारच्या रुपयानें. १८३५ मध्यें त्यावर चौथा विल्यम अवतरला, आणि पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ इंग्लंडचें राजघराणें हिंदुस्थानच्या खिशांत वावरलें. १९११ च्या रुपयावर पांचव्या जॉर्जच्या झग्यावरील पदकमालेंत एक इवलासा हत्ती होता. त्याची सोंड आखूड, पाय ठेंगणे; लोकांस तें डुकर वाटलें आणि गहजब उडाला. सरकारास ते रुपये आवरते घेऊन पुढील वर्षीं हत्ती सुधारावा लागला. ज्यांच्या हातीं नाणें फिरतें त्यांच्या भावनेस टांकसाळीलाहि मान द्यावा लागतो, तो असा.

१५ ऑगस्ट १९५० रोजीं राजाचा चेहरा गेला आणि सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आले. प्रजासत्ताकानें व्यक्तीऐवजीं प्रतीक निवडलें. मग पुढाऱ्यांचे चेहरे आले कसे? २७ मे १९६४ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू निवर्तले. त्याच वर्षीं त्यांचा चेहरा असलेला रुपया व पन्नास पैसे निघाले. स्वतंत्र भारताचीं हीं पहिलीं स्मारक-नाणीं. १९६९ मध्यें महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीचे दहा रुपये काढण्यांत आले. राजाचें मुख हुकूम सांगे. हीं मुखें कृतज्ञता सांगत होतीं. दोन्ही वेळां चेहरा आला तो मृत्यूनंतर, आणि नित्याच्या नाण्यांवरील सिंहांची जागा कोणी घेतली नाहीं. हा भेद सूक्ष्म असला तरी लोकशाहीचें सारें मर्म त्यांत सांठलेलें आहे.

अशी मुद्रा घडविणें सोपें नव्हे. कलावंत प्रथम मोठा नमुना तयार करतो. त्यावरून यंत्रानें लहान करीत करीत पोलादी ठसा कोरला जातो. मुखाचा उठाव नाण्याच्या कडेपेक्षां उंच ठेवतां येत नाहीं. ठेवल्यास नाणीं एकावर एक रचतां येणार नाहींत, आणि नाक प्रथम झिजेल. तेव्हां कागदाएवढ्या जाडीच्या चढउतारांत साऱ्या आयुष्याचा भाव आणावयाचा असतो.

ज्या महात्म्यानें स्वतःजवळ द्रव्य ठेवलें नाहीं, त्याचा चेहरा द्रव्यावर असावा, हा विरोधाभास कोणासहि खटकेल. पण काळानें त्याचा निकाल परस्पर लावला आहे. पंचवीस पैसे व त्याखालील नाणीं ३० जून २०११ पासून चलनांतून बाद झालीं, आणि त्यांत गांधींचे वीस पैसेहि गेले. आतां एखाद्या घरीं जुन्या डब्यांत तें पिवळसर नाणें सांपडलें, तर त्याची बाजारांत किंमत उरलेली नाहीं. तरी आजी तें फेंकून देत नाहीं. पुसून नातवाच्या हातावर ठेवते, आणि हा कोण, म्हणून त्यास विचारते. मोल गेलें, चेहरा मात्र राहिला. स्मारक-नाण्याचें खरें कार्य तेथूनच सुरू होतें.