सर्वस्व पणाला केव्हा लावावे?



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून पत्त्यांच्या डावावर बोलावे, हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु दिवाळीच्या रात्री या गाझियाबादेत अनेक घरांतून पत्ते पिसले जातात आणि आपली मराठी घरेही त्याला सर्वस्वी अपवाद नाहीत, हे आपण जाणतोच. आपले तरुण तर तीन पत्ती ओलांडून पोकरपर्यंत पोहोचले. 2025 साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तथापि बंदीने खेळ थांबला तरी मोह थांबतोच असे नाही. म्हणून त्या मोहाचे गणित समजून घेणे आम्हांस इष्ट वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने 1967 सालच्या एका निकालात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पानांच्या खेळाहून ती वेगळी ठरविली. पोकर आमच्या मते या दोहोंच्या मधला आहे. त्यात प्रत्येक गड्यास दोन पाने गुप्त मिळतात. पुढे पाच पाने सर्वांसाठी मेजावर उघडली जातात. त्यांपैकी एकही उघडण्यापूर्वी जवळचे सारे पणाला लावावयाचे झाल्यास कोणत्या दोन पानांवर लावावे, हा आजचा प्रश्न होय.

बावन्न पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात. त्यांत एक्क्यांची जोडी सर्वश्रेष्ठ. परंतु ती सरासरीने 221 डावांत एकदा येते. समोर एकच गडी कोणतीही पाने घेऊन बसला असेल, तर ती शंभरात सुमारे 85 वेळा जिंकते. तसेच आठ गडी शेवटपर्यंत टिकले, तर हेच प्रमाण 35 च्या आसपास उतरते. पाने तीच, परंतु प्रतिस्पर्धी वाढताच त्यांचे मोल घटले! याउलट दुर्रीची जोडी आणि एक्का-राजा यांची समोरासमोर गाठ पडली, तर सामना जवळजवळ बरोबरीचा होतो. तेव्हा केवळ हातातील पाने पाहून उत्तर मिळत नाही.

दुसरी गोष्ट पुंजीची. चिंचोक्यांचा हिशेब घेऊ. डावाच्या आरंभी एकाने 1 व दुसऱ्याने 2 चिंचोके नियमाप्रमाणे टाकले आहेत. आम्हांजवळ 20 आहेत, दुसऱ्याजवळही टाकलेले धरून तेवढेच. आमची पाने मध्यम. तरी आम्ही वीसच्या वीस लावतो. पहिला माघार घेतो. दुसरा दहा वेळांपैकी सहा वेळा माघार घेईल आणि चार वेळा सामना करील, असे धरू. माघारीतून आम्हांस 18 चिंचोके मिळतात. सामना झाल्यास जिंकलो तर 21 लाभ, हरलो तर 20 तोटा. शंभरात 40 वेळाच जिंकू असे मानले, तर चार सामन्यांत सरासरीने 14.4 गमावतो. म्हणजे दहा डावांअंती साडेतीनांहून थोडा अधिक लाभ!

आता उभयतांजवळ 200 चिंचोके आहेत असे समजा आणि बाकी सारे तसेच ठेवा. माघारीचा लाभ तोच 18. परंतु चार सामन्यांतील तोटा 158 च्या वर जातो. तीच पाने, तेच धाडस. पहिल्या वेळी शहाणपण, दुसऱ्या वेळी वेडेपणा. थोडक्या लाभासाठी मोठी पुंजी धोक्यात घालू नये, हा त्याचा अर्थ.

मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, हरलेला गडी पुनः वीस चिंचोके घेऊन बसू शकतो. सरासरी ही दहा डाव खेळू शकणाऱ्याची असते. पहिल्याच डावात उठावे लागणाऱ्यास तिचा काय उपयोग?

येथून फार दूर नसलेल्या हस्तिनापुराची कथा हेच सांगते. युधिष्ठिराने धन गमावले, बंधू गमावले, स्वतःस गमावले आणि अखेर द्रौपदीस पणाला लावले. हरलेले भरून काढण्यासाठी पण वाढवीत जाणे, हा त्याचा घात. पुढे वनपर्वात बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा ऐकवितात. नलही एकदा सर्वस्व हरला होता. परंतु ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे क्षणात मोजून दाखविली, आणि नलाने अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतली. त्यानंतरच त्याने पुष्कराशी एकाच डावावर सारे लावले आणि राज्य परत मिळविले. आधी गणना, मग पण, हा क्रम ध्यानी घ्यावा.

आणि गणना करूनही नल हरू शकला असता. शंभरात 85 म्हणजे पंधरा वेळा पराभव आलाच. म्हणून निर्णयाचे मोल निकालावरून ठरवू नये. चुकीचा डाव जिंकून देतो, तेव्हाच तो अधिक घातक असतो.

आमच्यासारख्या सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसांना भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. तरुणांपाशी वर्षे पुष्कळ आहेत. पण घरातल्यांचा विश्वास त्यांनाही वारंवार मिळत नाही. जे पुनः मिळविता येईल, तेवढेच पणाला लावावे. आणि दिवाळीच्या रात्री चिंचोक्यांवर खेळावे, म्हणजे सकाळी ते पुनः डब्यात भरता येतात.