घरातला जुना फोनो

आज आपण चावीच्या फोनोविषयी बोलू. त्याला ग्रामोफोनही म्हणतात. म्हाताऱ्या माणसांनी तो लग्नाकार्यात ऐकला असेल. तरुणांनी फक्त सिनेमात पाहिला असेल.

या फोनोला वीज लागत नाही. पेटीत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिला स्प्रिंग म्हणतात. चावी फिरवली की ती आवळते. ती सुटू लागली की तबकडी फिरते. तबकडीवर बारीक खाच असते. खाचेतून सुई चालते आणि थरथरते. सुईमागचा अभ्रकाचा पातळ पडदाही थरथरतो. त्यातून आवाज निघतो. कर्णा तो मोठा करतो.

जुन्या तबकडीत लाख असते. लाख कुठून येते? पळस, बोर अशा झाडांवर बारीक किडे वाढतात. ते फांदीवर लाख तयार करतात. पळस तर आपल्या वाशीम जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचा!

आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान या गायिकेचे गाणे तबकडीसाठी घेतले. तबकड्या तयार होत जर्मनीत. गाणे संपले की गौहरजान आपले नाव मोठ्याने सांगत. कोणाचे गाणे, हे तिकडच्या कामगारांना कळावे, म्हणून. नावाला असे मोल आहे.

मंगरूळपीर तालुक्यात आमच्या ओळखीच्या एका घरी असा फोनो होता. आजीच्या सासऱ्यांनी तो घेतला होता. पुढे तो बंद पडला आणि माळ्यावर गेला. परवा मुलगा तो भंगारात द्यायला निघाला. आजी म्हणाली, "देऊ नको बाप्पा. माह्या सासऱ्याचा जीव व्हता त्याच्यात."

नातू म्हणाला, "आपण दुरुस्त करू." त्याने आम्हांलाही बोलावले.

आधी चावी पूर्ण उतरू दिली. आवळलेली स्प्रिंग उघडली तर हात कापतो, बरं का! म्हणून ते काम जाणत्या मिस्त्रीकडे दिले. आतले वंगण डिंकासारखे घट्ट झाले होते. मिस्त्रीने ते पुसून नवे लावले. पडद्याभोवतीचे कडक झालेले रबर बदलले. सुई नवी घातली. पोलादी सुई तबकडीची एक बाजू वाजवली की बदलावी. झिजलेली सुई खाच खराब करते.

मग नातवाने तबकडीवर कागदाचा कपटा ठेवला. घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ७८ फेरे भरले. फोनो बरोबर चालू लागला.

तबकड्या ओलसर फडक्याने हलकेच पुसल्या. त्यांना स्पिरिट लावू नये. स्पिरिटात लाख विरघळते. तबकड्या उन्हातही ठेवू नयेत. त्या वाकतात.

सगळ्या तबकड्या काळ्या. सगळ्यांवर कुत्र्याचे तेच चित्र. पूर्वी आजी आवडीची तबकडी कडेच्या टवक्यावरून ओळखत असे. तिला वाचता येत नव्हते. यंदा ती रात्रीच्या वर्गाला येते. तिने तबकडी डोळ्यांजवळ धरली. मधल्या कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावले, "बा...ल...गं...ध...र्व."

सगळे गप्प झाले. आजी हसली. म्हणाली, "कानाची ओळख व्हती. आता डोयाची झाली."

मग गाणे लागले. गाणे तीनच मिनिटांचे. नातू मोबाईल बाजूला ठेवून ऐकत बसला. संपल्यावर म्हणाला, "आजी, पणजोबांना यातलं कोणतं आवडायचं?" आजी सांगत गेली. नातू वहीत लिहीत गेला.

मंडळी, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. भंगारात देण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ती कोणी आणली? कुठून आणली? कोणाच्या आवडीची होती? ते एका कागदावर लिहा आणि कागद वस्तूबरोबर ठेवा. मोडलेली स्प्रिंग पुन्हा बसवता येते. माणसाबरोबर गेलेली आठवण परत आणता येत नाही.

आता आपल्याला लिहिता येते. मग आजच लिहून ठेवू या.