एका गावानं शिकवलेला इशारा

फोनवर वादळाचा इशारा आला की आपण काय करतो? बोटानं बाजूला सारतो. मीही तेच करायचो. मग मॉइल्व्रेची गोष्ट कळली.

वेल्सच्या वायव्येला अँगलसी बेट आहे. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरचं हे छोटंसं गाव. 26 ऑक्टोबर 1859 च्या पहाटे वादळात सापडलेलं 'रॉयल चार्टर' जहाज गावाजवळच्या खडकांवर आदळलं. ऑस्ट्रेलियात सोनं कमावून लोक लिव्हरपूलला परत निघाले होते. प्रवास संपतच आला होता हो! जोसेफ रॉजर्स हा माल्टाचा खलाशी दोर घेऊन किनाऱ्यापर्यंत पोहत आला. गावातल्या 28 जणांनी हातात हात धरून साखळी केली, लाटांतून माणसं ओढून काढली. तरी चारशेहून जास्त जण गेले. जवळच्या चर्चच्या आवारात त्यातल्या अनेकांच्या कबरी आहेत.

या दुर्घटनेनंतर, 1861 मध्ये, अ‍ॅडमिरल फिट्झरॉय यांनी ब्रिटनच्या बंदरांना तारेनं वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली.

आता पुढचं ऐका. 27 ऑक्टोबर 1959. शंभर वर्षं उलटून जेमतेम एक दिवस झालेला. पुन्हा वादळ, पुन्हा मॉइल्व्रे, आणि संकटात 'हिंडली' हे जहाज. डिक इव्हान्स यांच्याकडे पुरेशी माणसंही नव्हती. तरी त्यांनी लाईफबोट काढली आणि आठही खलाशी वाचवले. आज गावात त्यांचा पुतळा आहे, हातात सुकाणूचं चाक धरलेला.

इशारा मिळाला तरी कुणीतरी समुद्रात उतरावंच लागतं. निदान आपण तो वाचूया तरी. मी आता वाचतो. भेटू पुढच्या भागात!