'सेट असाइड' म्हणजे बाजूला ठेवणे नव्हे



काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी अपिलाच्या निकालाचा इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. खालच्या कचेरीचा निर्णय त्यांच्या बाजूने झालेला होता; वरच्या निकालात तो 'सेट असाइड' केल्याचे लिहिले होते. शाळकरी नातवाने अर्थ सांगितला, "आजोबा, निर्णय बाजूला ठेवला आहे." बाजूला ठेवलेली वस्तू आज ना उद्या पुन्हा हाती घेता येते, अशा समजुतीने ते स्वस्थ राहिले. वास्तविक तो निर्णय रद्द झाला होता, आणि पुढे दाद मागण्याची मुदतही सरली होती.

नातवाला मी फारसा दोष देणार नाही. आईने मुलीच्या लग्नासाठी पैसे 'सेट असाइड' केले, म्हणजे राखून ठेवले. दोघा भावांनी मतभेद 'सेट असाइड' केले, म्हणजे दूर सारले. धान्याचे अतिरिक्त उत्पादन कमी व्हावे म्हणून युरोपीय समुदायाने १९८८ साली मोबदला देऊन काही जमीन पडीक ठेवविण्याची योजना काढली, तिचे नावच 'सेट असाइड'! पैसे, जमीन शिल्लक राहतात. न्यायनिवाड्यातील निर्णय मात्र शिल्लक राहत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९, नियम १३ पाहावा. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आले नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा 'सेट असाइड' करण्यासाठी प्रतिवादीस अर्ज करता येतो. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे त्यास ३० दिवस मिळतात. ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावले नसल्यास हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. येथे 'बाजूला ठेवा' या भाषांतराने काय साधणार? 'रद्द करणे' हाच शब्द हवा. हुकूम केवळ तूर्त थांबवला असेल तेथे इंग्रजीत 'स्टे' येतो. तीच आपली स्थगिती.

शिक्षकांनी हे क्रियापद फळ्यावर एकटे लिहू नये. त्याचे कर्मही सोबत द्यावे, कारण अर्थ कर्मावरून ठरतो. शिवाय ही शब्दांची जोडी पुष्कळदा कर्म मध्ये घेऊन फाकते, हेही मुलांना दाखवावे. कचेरीतील सहकाऱ्यांनी निकालाची प्रत देताना 'आधीचा निर्णय रद्द झाला आहे' एवढे मराठीत सांगितले, तर अर्धे मिनिटही लागणार नाही.

त्या शेतकऱ्यांना विलंब माफ करण्याचा अर्ज करावा लागला. विलंबाचे कारण काय लिहू, असे मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ नातवाकडे पाहत राहिले.